नायगावच्या ग्रंथालयातल्या बाईंना, जाहीर आभार

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "चहा घेऊ या का?" म्हणून उठता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दामच घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात ज्यांचं येणं-जाणं आहे, ते तुम्हाला बरोबर ओळखतील. सुती साडी, दोरी लावलेला चष्मा, हातात कायम पेन्सिल, आणि कुणी मोठ्यानं बोललं की नुसती वर उचललेली एक भुवई.

हे गेले तेव्हा माणसांनी कुठेच कमी केलं नाही. चाळीतल्या बायकांनी दिवसवार होईपर्यंत मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. येणारा प्रत्येक जण मनापासून येत होता आणि ठरलेलं बोलत होता. देवाची मर्जी. आपल्या हातात काय असतं? आता मुलांकडे बघा. मी मान हलवायचे. पुढे यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी छोटी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे एक पान मागितलं. कागद घेऊन बसले की मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल इतकंच उतरायचं. शब्द तिन्ही खरे होते, पण असं पान कुणाच्याही नवऱ्याबद्दल छापता आलं असतं.

यांच्या नावावर राहिलेली पुस्तकं परत करायला मी ग्रंथालयात आले, तेव्हा तुमची गाठ पडली. काय झालं ते तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही "अरेरे" म्हणाला नाहीत. कपाटातून बहिणाबाईंचं पुस्तक काढलंत, एक पान उघडलंत आणि दोन ओळी दाखवून पुढच्या दोन तळहातानं झाकल्यात.

"लपे करमाची रेखा, माझ्या कुंकवाच्या खाली."

"पुढे काय असेल?" तुम्ही विचारलंत. मला सुचेना. मग तुम्ही हात काढलात.

"पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली."

बाई, ही कविता मी शाळेपासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती वाचली. तुम्ही पेन्सिलीचं टोक "पुशीसनी गेलं"वर टेकवलंत आणि म्हणालात, कुंकू पुसलं कुणी, ते शोधा. कुणीच नाही! पुसून गेलं, एवढंच. नवरा वारला हे वाक्य कवितेत कुठेही नाही, मरण हा शब्दही नाही. कपाळावर सटवाई नशीब लिहून जाते हा घरोघरचा समज, आणि त्याच कपाळावर रोज लावलेलं कुंकू. बहिणाबाईंनी एकावर एक असलेल्या या दोन गोष्टींतली वरची तेवढी काढून घेतली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं खानदेशातल्या आपल्या बोलीत, शेतात आणि जात्यावर रचलेलं हे. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं ते वेळोवेळी टिपून ठेवलं, 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, मग अत्र्यांनी ते पाहिलं, आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं.

मग तुम्ही मला कवितेचा पुढचा प्रवास दाखवलात. कपाळावरची रेघ तळहातावर येते आणि तिथे तिची रेघोटी होते. धनरेखेच्या चऱ्यांनी तो तळहात फाटलेला असतो. शेवटी ज्योतिषी दारात उभा राहतो आणि ती त्याला परत पाठवते: "नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू, माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ." वैधव्याची कविता रडत संपेल असं आपण धरून चालतो. ही दार लावून घेते.

मी म्हणाले, "यातला अलंकार कोणता? रूपक?" तुम्ही म्हणालात, नाव नंतर शोधू, आधी तो काय काम करतो ते बघा. आपल्याला दहावीला अलंकार शिकवले ते ओळखण्यापुरते. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, गुण दोन. ज्याचं दुःख त्याला सरळ बोलता येत नाही, म्हणून ते दुसऱ्या कशावर तरी ठेवावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत, तेही उदाहरणं पुढे ठेवून.

त्यानंतरच्या शनिवारांबद्दल हे खरं पत्र आहे. तुम्ही मला कुठलीही कविता वाचताना एक प्रश्न विचारायला शिकवलंत: ही कविता कुणाला तरी "ये" म्हणते आहे का?

ज्ञानेश्वरांची विराणी त्या प्रश्नासकट वाचली तेव्हा लख्ख उलगडली. "घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा." लताबाईंच्या आवाजात ती कानात इतकी मुरली आहे की आपण ती गोड म्हणून ऐकतो. तुम्ही म्हणालात, गोडवा बाजूला ठेवा, तिच्या अंगाला काय होतंय ते बघा. चंदनाची चोळी पोळते. फुलांची शीतल सेज आगीसारखी लागते. थंड ते सगळं भाजतंय. व्याकरणाच्या पुस्तकात विरोधाभास म्हणून एक ओळ देऊन मोकळे होतात, आणि इथे एक अख्खं शरीर त्या विरोधाभासात होरपळतं आहे. तरीही ती काय म्हणते? "वेगीं भेटवा कां." भेट होऊ शकते, फक्त लवकर व्हायला हवी. म्हणून ही विरहाची कविता आहे, शोकाची नव्हे.

हा भेद तुम्ही भरतमुनींपर्यंत नेलात. नाट्यशास्त्रात विप्रलंभ, म्हणजे ताटातूट, हा शृंगाररसाचाच प्रकार, कारण त्यात आशा शिल्लक असते, तो सापेक्ष. करुण तो निरपेक्ष, तिथे वाट बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणजे ताटातूट ही प्रेमाच्या खात्यात जमा आहे. हे ऐकून मला का कोण जाणे पण फार बरं वाटलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून एवढा बारीक विचार केला की वाट पाहणारीचं रडणं आणि वाट संपलेलीचं रडणं वेगळं, आणि त्यांना एका नावानं हाक मारू नये.

मेघदूत तर तुम्ही मला टेबलावर बोटानं वाजवून शिकवलंत. हिंदमाताला पाणी साचलं होतं, मी भिजून उशिरा पोचले, आणि तुम्ही म्हणालात, आज मंदाक्रांताच, मेघदूताचं वृत्तच, घ्यायला हवी. "मेघांनीं हें, गगन भरतां, गाढ आषाढमासीं." पहिली चार अक्षरं चारही गुरू, पाय उचलतच नाही. मग पाच लघू धावत सुटतात आणि सहाव्यावर थबकतात. मग सात अक्षरं दम घेत चालतात. चार, सहा, सात. वर्षभराची शिक्षा भोगणारा यक्ष रामगिरीवरून ढगाला निरोप सांगतो, त्याची घालमेल कालिदासानं शब्दांत आणली ती आणलीच, त्याआधी ती वृत्तात आणली आहे. संस्कृत येत नसलेल्या मलाही ती बोटाला कळली. वृत्त म्हणजे पाठांतराची सोय, असं मी तोवर धरून चालले होते.

यशवंतांच्या "आई"चं तसंच. "स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी." गागाल गालगागा, गागाल गालगागा. ओळीचे दोन सारखे तुकडे, एका तुकड्यात तिन्ही जगांचा धनी, दुसऱ्यात भिकारी, आणि मधल्या श्वासाएवढ्या जागेत सगळं हातचं जातं. तुम्ही पेन्सिलीनं बरोबर तिथे एक उभी रेघ मारलीत. (स्वतःच्या प्रतीवर, ग्रंथालयाच्या नव्हे. हे वाचून कुणाचा गैरसमज नको.)

गडकऱ्यांवरून मात्र आपलं जमलं नाही, आणि अजूनही जमत नाही. "प्रेम आणि मरण" तुम्हाला अतिशय आवडते. मोकळ्या मैदानातला एकटा वृक्ष, त्याचं विजेवर बसलेलं प्रेम, आणि भेटीतच जळून जाणं. "क्षण एक पुरे प्रेमाचा, वर्षाव पडो मरणांचा, मग पुढे." दोन लांब ओळी आणि मग ती तोकडी तिसरी, पायरी चुकल्यासारखी. रचना म्हणून मी मान तुकवते. पण बाई, संसार केलेल्या माणसाला एक क्षण पुरत नाही. वीज फार मोठी आहे. मला कुंकवाएवढंच दुःख कळतं.

त्याच गडकऱ्यांची "राजहंस माझा निजला" मात्र तुम्ही वाचून दाखवलीत आणि मी बराच वेळ गप्प होते. मांडीवरचं मूल गेलेलं आहे. भोवतालची माणसं सांगताहेत, आणि आई उलट त्यांनाच विचारते, "हें कोण बोललें बोला?" तिच्या लेखी ते झोपलं आहे. हे नव्हेच, ते आहे, असं म्हणणाऱ्या अलंकाराला आपण अपन्हुती म्हणतो आणि उदाहरण देतो चेहऱ्याचं आणि कमळाचं. गडकऱ्यांनी तीच चाल एका आईच्या तोंडी दिली, आणि शोभेची चाल तिची शेवटची तटबंदी झाली. तुमचा प्रश्न इथे लावून बघितला. ती मुलाला ये म्हणत नाही, कारण तिच्या मते तो कुठे गेलेलाच नाही. जो झोपला तो उठेल. करुणाच्या उंबरठ्यावर उभं राहून ती विप्रलंभाला धरून ठेवते. तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की संध्याकाळी कुकर लावताना माझा हात अजून यांच्या वाटचे तांदूळ मोजतो. तुम्ही म्हणालात, "मोजू देत."

प्रेमाकडेही तुम्ही मला परत नेलंत, हे लिहायलाच हवं. मी नुसत्या शोकाच्या कविता मागत राहिले असते. तुम्ही गाथासप्तशती काढलीत, आपल्याच गोदाकाठची, महाराष्ट्री प्राकृतातली, हाल सातवाहनाच्या नावावरची. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: निर्धास्त फिरा हो, तुम्हाला भिवविणारा तो कुत्रा आज मेला, गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहानं त्याला मारलं. बस, एवढंच. त्या झाडीत तिची आणि तिच्या सख्याची भेटायची जागा आहे, हा बुवा फुलं तोडायला रोज तिथे तडमडतो, आणि "निर्धास्त फिरा" म्हणत ती त्याला कायमचा पळवून लावते. प्रेमाचा उल्लेख नाही, सख्याचा नाही. नवव्या शतकात थेट काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना आपली ही गाथा घेतली. तुम्ही हे सांगताना इतक्या खुलला होतात की शेजारच्या टेबलावरच्या अभ्यासू मुलानं आपल्याकडे बघितलं, आणि या खेपेला भुवई त्याची वर गेली. हे गेल्यानंतर मी घराबाहेर पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

स्मरणिकेच्या पानाचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण इथे वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी विचारलं होतं, लिहू कसं? तुम्ही उलट विचारलंत, "ते परत येतील अशा भाषेत लिहायचंय, की येणार नाहीत अशा?" मी घरी जाऊन यांचं पाकीट काढलं. त्यात दादर ते चर्चगेट तिमाही पास होता, प्लॅस्टिकच्या कव्हरात, कडा नखानं खरवडून खरवडून पांढऱ्या झालेल्या. गाडी थांबली की ती कड खरवडायची त्यांची सवय. पासाची मुदत अजून शिल्लक होती. मी पानावर पासाबद्दलच लिहिलं. कव्हर, कडा, सवय, शेवटी मुदतीची तारीख. मनमिळाऊ हा शब्द कुठेही घातला नाही. यांच्याबरोबर रोज त्याच डब्यातून जाणाऱ्या एका सहकाऱ्यांचा फोन आला. "वहिनी, ती कड मी रोज बघायचो," एवढं म्हणाले आणि पुढे त्यांना बोलवेना.

तर बाई, यासाठी आभार. तुम्ही माझं सांत्वन केलं नाहीत, मला वाचायला शिकवलंत, आणि शिकवताना एकदाही माझ्यावर दया दाखवली नाहीत.

आता एक मागणं. इंदिरा संतांना आपण अजून हात लावलेला नाही. मला वाटतं तुम्ही मुद्दाम थांबला आहात. पती ना. मा. संत यांच्याबरोबर "सहवास" हा संग्रह, 1946 मध्ये त्यांचं जाणं, आणि मग 1951 मध्ये "शेला". एवढं मी स्वतः पाहून ठेवलं आहे. थोड्या कविताही चाळल्या, आणि तुमचा प्रश्न तिथे अडतोय. गेलेल्या माणसाशी त्या असं बोलतात की तो पलीकडच्या खोलीत असावा. मग हा विप्रलंभ की करुण? मला उत्तर सापडत नाही, आणि तुम्ही "नाव नंतर शोधू" म्हणून या वेळी सुटू नका.

पुढच्या शनिवारी घेऊ या. प्रत मी आणते. चष्म्याचा नवा नंबर मिळाला असेल तर तुम्ही वाचा, नाहीतर मी वाचते.

आपली,
शनिवारची विद्यार्थिनी