आई-बाबा, कॉम्प्युटरवरची यादी फोनवर अशी आणायची

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची औषधांची यादी कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये आहे आणि आई, तुझी वाणसामानाची यादी फोनबरोबर आलेल्या नोट्सच्या ॲपमध्ये. डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं की यादी घरी राहिलेली असते. दुकानात काय आणायचं ते बाबांना ठाऊक नसतं, कारण यादी तुझ्या फोनात. हे थांबवता येतं. लागणारी सगळी साधनं तुमच्याकडे आहेत, पैसेही पडत नाहीत. शनिवारी सकाळी तासभर काढा आणि हे पत्र समोर ठेवून एकेक पायरी करा.

सगळी भिस्त एका गोष्टीवर आहे. बँकेतले पैसे खात्यात असतात, म्हणून पासबुक कुठल्याही शाखेत भरून घेतलं तरी शिल्लक तीच दिसते. गूगल कीप या गूगलच्या नोट्सच्या ॲपमध्ये लिहिलेली नोट तशीच तुमच्या जीमेलच्या खात्यात जमा होते. फोन आणि कॉम्प्युटर दोघेही ती तिथून वाचतात. नोटपॅडची फाइल मात्र डब्यात ठेवलेल्या नोटांसारखी, त्या एकाच कॉम्प्युटरच्या डिस्कवर.

आता बँकेत दोन खाती असली तर शिल्लकही दोन ठिकाणी असते. नोट्स "गायब" होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. नवा फोन घेताना दुकानातला मुलगा पुष्कळदा जुना पासवर्ड आठवत नाही म्हणून नवं जीमेल उघडून देतो. मग फोन एका खात्यावर चालतो आणि कॉम्प्युटर दुसऱ्या. तेव्हा पहिलं काम: फोनवर कीप उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवा आणि दिसणारा ईमेल पत्ता कागदावर लिहा. मग कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कीप डॉट गूगल डॉट कॉम उघडून त्याच जागी बघा. अक्षर अन् अक्षर जुळलं पाहिजे. नसेल जुळत तर त्याच गोलावर क्लिक करून योग्य खातं निवडा. दुसऱ्या खात्यातल्या नोट्स आपोआप इकडे येत नाहीत, त्या शेअर कराव्या लागतात. ते कसं ते पुढे लिहिलंय.

तुम्ही दोघांनी मिळून एकच खातं मात्र वापरू नका. बँकेचे मेल, फोटो, संपर्क सगळं एकमेकांत मिसळतं आणि पासवर्ड बदलला की दुसरा बाहेर पडतो. खाती वेगळी ठेवायची आणि नोट तेवढी सामाईक करायची.

बाबा, नोटपॅडची फाइल उघडून कंट्रोल आणि ए दाबा, मग कंट्रोल आणि सी. कीपमध्ये नवी नोट उघडून कंट्रोल आणि व्ही. औषधांच्या नोटेला टिक करायचे चौकोन लावू नका, ती साधी नोटच बरी. पहिल्या ओळीत तारीख टाका आणि मग दर ओळीत एक औषध: नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर. चिठ्ठीचा फोटो जोडलात तरी नावं टाईप करून ठेवाच. फोटो उघडायला कधी कधी इंटरनेट लागतं. मजकूर फोनमध्ये उतरलेला असतो, त्यामुळे दवाखान्याच्या तळघरात रेंज नसली तरी वाचता येतो.

आई, तुझ्या ॲपमधली यादी उघड, शेअरचं बटण दाब आणि कीप निवड. नोट आली की मेनूतून चौकोन दाखवण्याचा पर्याय घे. प्रत्येक ओळीपुढे चौकोन येईल. नाव दे "वाणसामान" आणि दर ओळीत वजनही लिही: तूरडाळ २ किलो, जाडे पोहे १ किलो, शेंगदाणे १ किलो, साबुदाणा अर्धा किलो, गोडेतेल ५ लिटर. वस्तू पिशवीत पडली की टिक कर, ती ओळ खाली जाते आणि वर फक्त उरलेलं दिसतं. महिना उलटला की सगळं पुन्हा लिहू नकोस. मेनूत सगळे टिक काढून टाकण्याचा पर्याय आहे, तो दाबलास की अख्खी यादी परत वर येते. त्याच मेनूत टिक केलेल्या ओळी पुसून टाकण्याचाही पर्याय असतो, म्हणून दाबण्याआधी वाच.

आता सामाईक करणं. नोट उघडली की अधिक चिन्ह असलेली माणसाची आकृती दिसते, कधी ती तीन ठिपक्यांच्या आत असते. तिथे दुसऱ्याचा जीमेल पत्ता घालून सेव्ह करायचं. झालं, बाबा कॉम्प्युटरवर "रवा १ किलो" लिहितील तो आईच्या फोनवर काही सेकंदांत दिसेल. एवढं लक्षात ठेवा: ज्याने नोट बनवली त्याने ती डिलीट केली तर दोघांकडूनही जाते. नजरेआड करायची असेल तर अर्काइव्ह करा, ती फक्त आपल्यापुरती हलते. चुकून डिलीट झालीच तर ट्रॅशमध्ये ७ दिवस राहते, तेवढ्यात परत घ्यायची.

तारखेची कामं कीपमध्ये कोंबू नका, त्यासाठी गूगल टास्क्स हे गूगलचं कामांच्या यादीचं वेगळं ॲप. बाबांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो (८० वर्षं पुरी झाल्यावर १ ऑक्टोबरपासून देता येतो), मुदत ठेवीची तारीख असते, आरोग्य विम्याचा हप्ता असतो. फोनवर टास्क्स उघडून काम लिहा, तारीख-वेळ द्या आणि रिपीटमध्ये "दरवर्षी" निवडा. यंदाचं काम टिक केलं की पुढच्या वर्षाचं आपोआप तयार होतं. कॉम्प्युटरवर जीमेलच्या उजव्या कडेच्या पट्टीत टास्क्सचं चिन्ह आहे, गूगल कॅलेंडरमध्येही ही कामं दिसतात. टास्क्सची यादी मात्र कीपसारखी दुसऱ्याला शेअर होत नाही, म्हणून ज्याचं काम त्याने आपल्या खात्यात लिहावं. अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनवर सूचना दाखवायची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. टास्क्सने विचारलं की "अलाऊ" म्हणा, नाहीतर यादी बरोबर असूनही आठवण वाजणार नाही.

खातं एकच आहे आणि तरी नोट येत नाही, असं झालं तर या क्रमाने बघा. आधी इंटरनेट. मग फोनवर कीपची यादी बोटाने खाली ओढून सोडा, कॉम्प्युटरवर एफ ५ दाबा. तेवढ्यानेही नाही आली तर फोनच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे तुमचं गूगल खातं, त्यात अकाउंट सिंक (सिंक म्हणजे फोन आणि खातं यांतला मजकूर सारखा ठेवणं). कीपपुढचं बटण चालू हवं. मग सेटिंग्जमध्ये ॲप्स, कीप, बॅटरी. इथे "रिस्ट्रिक्टेड" असेल तर फोन बॅटरी वाचवायला कीपला मागे झोपवून ठेवतो आणि ॲप उघडल्याशिवाय नवी नोट येत नाही. "अनरिस्ट्रिक्टेड" करा. नुसत्या मजकुराला बॅटरी फार लागत नाही, काळजी नको. डेटा सेव्हर चालू असेल तर कीपला त्यातून सूट द्या.

कॉम्प्युटरच्या बाजूला एक दोष असा आहे की तो कुणाच्या ध्यानात येत नाही. आपला डेस्कटॉप जुना आहे. त्याच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. घड्याळ चुकलं की ब्राउझरला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो पान उघडतच नाही. दोष कीपचा वाटतो, असतो सेलचा. खाली उजवीकडची तारीख बघा. चुकलेली असेल तर ती दुरुस्त करून तात्पुरतं काम चालवा आणि सेल बदलून घ्या. घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. बदलताना प्लग काढलेला असू दे आणि अधिक खूण वर येऊ दे.

रेंज नसताना फोनवर लिहिलेलं वाया जात नाही, रेंज आली की ते वर जातं. पण त्याच वेळी दुसऱ्याने घरी तीच ओळ बदलली असेल तर एकाचा बदल दुसऱ्याखाली दबू शकतो. म्हणून बाहेर असताना नवी ओळ घाला, जुनी खोडून वर लिहू नका.

एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड कीपमध्ये ठेवू नका. एकेका नोटेला वेगळं कुलूप लावायची सोय त्यात नाही. उघडा फोन ज्याच्या हातात त्याला सगळं दिसतं.

बाबा, मराठीत टाईप करायला विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घालून "मराठी फोनेटिक" कीबोर्ड निवडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. आईने फोनवर माइकचं बटण दाबून बोललं तरी चालेल. नावं दोघांनी एकाच लिपीत लिहा, कारण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला साबुदाणा मराठीत शोधला तर सापडत नाही.

सिंक म्हणजे जपून ठेवलेली दुसरी प्रत नव्हे. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. म्हणून औषधांच्या नोटेचे तीन ठिपके दाबून ती गूगल डॉक्समध्ये कॉपी करा, प्रिंट काढा आणि फ्रिजवर लावा. गोळी बदलली की आधी नोट बदला, मग नवी प्रिंट, आणि जुनी फाडून टाका. दोन तारखांचे दोन कागद घरात राहता कामा नयेत.

सगळं जमलं की फोनवर "चाचणी १" लिहून ती कॉम्प्युटरवर येते का बघा, मग कॉम्प्युटरवर "चाचणी २" लिहून फोनवर. दोन्ही आल्या की औषधांची नोट माझ्या जीमेलवरही शेअर करा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी गोळी बदलली की मला त्याच दिवशी कळेल.

तुमची,
मनू