शहराच्या गप्पा : सभासदांसाठी सूचना

सभासदहो, १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन आहे. १९४६ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ सुरू झाला. त्या दिवशी आपल्या रेडिओवर शहराच्या बातम्या, नाटक आणि गाण्यांवर ज्या गप्पा होतील, त्यांचे विषय जानेवारीअखेरपर्यंत इथेच कळवा.

पालिकेच्या अर्थसंकल्पावर बोलायला अधिकारी बोलावूच, पण ज्या गल्लीत पाणी चढत नाही तिथलं कुणीतरी शेजारी बसलंच पाहिजे. नाहीतर त्या गप्पा राहत नाहीत, नुसतं निवेदन होतं. ‘हो-नाही’त संपणारे प्रश्न नकोत. ऐकणारे मध्येच रेडिओ लावतात, म्हणून पाहुण्यांचं नाव अधूनमधून पुन्हा घ्या. माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवा. किल्ल्या, बांगड्या आणि मोबाइल स्टुडिओबाहेर. कागदाची सळसळसुद्धा माइक पकडतो.