पानगळ साठवा, ओला कचरा जिरेल

महोदय,

गांडूळ खत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलत देते; जोडीला सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारण असेल तर 10 टक्के. तरीही कित्येक सोसायट्यांचे खतखड्डे पहिल्या पावसाळ्यातच बंद पडतात आणि ओला कचरा पुन्हा घंटागाडीत जातो. दोष बहुधा कल्चरला (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाला) किंवा सफाई कामगाराला दिला जातो. खरे कारण साधे आहे, जूनपर्यंत सुका पाला संपलेला असतो.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात 75 ते 80 टक्के पाणी असते. तो नुसताच टाकला तर स्वतःच्या वजनाने दबतो, हवेच्या वाटा बुजतात, आणि दोन-तीन दिवसांत सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मग कोणी कल्चर दुप्पट ओततो, कोणी चुना मारतो. दोन्हीने हवा आत जात नाही. बादलीभर ओल्या कचऱ्याला बादलीभर चुरलेला सुका पाला मिसळला, तरच ढीग मोकळा राहतो आणि तीन-चार दिवसांत हात ठेववणार नाही इतका तापतो. माल मुठीत दाबला की बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला कमी पडला आहे. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तरीही पालाच वाढवायचा. आठवड्यातून एकदा खालवर करायचे, म्हणजे दीड-दोन महिन्यांत खत चाळण्याजोगे होते. जाड, करड्या अळ्या दिसल्या म्हणून औषध फवारू नये. त्या कचराच खातात.

आता हिशेब पाहा. 40 सदनिकांच्या सोसायटीत रोज साधारण 20 किलो ओला कचरा निघतो. त्याला रोज 5 किलो, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांना सुमारे 600 किलो कोरडा पाला लागतो. दाबून भरलेल्या पोत्यात आठ-दहा किलो चुरा बसतो, म्हणजे साठ-सत्तर पोती. एवढा पाला सोसायटीच्या आवारातल्या चार झाडांखाली मिळत नाही. नारळाचा भुसा विकत आणता येतो, पण दर महिन्याचा तो खर्च पाहून समिती वर्षभरात कंटाळते.

आणि हाच पाला फेब्रुवारी ते एप्रिल शहराच्या रस्त्यांवर ढिगाने पडलेला असतो! तो झाडून कचऱ्याच्या गाडीत भरला जातो, नाहीतर पहाटे कोपऱ्यात पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळल्यास 5 हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच दिला आहे. पण झाडणाऱ्याला पाला ठेवायला जागाच दिली नसेल, तर नुसत्या दंडाने धूर थांबणार नाही.

प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने पत्र्याचे छप्पर असलेली एक जागा आणि पाला चुरण्याचे एक यंत्र द्यावे. रस्त्यावरचा पाला इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पोत्यांत भरावा; त्यात गुटख्याच्या पुड्या आणि काचा आल्या तर खत झाडांना घालण्याच्या लायकीचे राहत नाही. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहराची बारीक पाने न चुरताही चालतात. आंबा, फणस, वड यांची जाड पाने मात्र चुरलीच पाहिजेत, नाहीतर ती थरांसारखी चिकटून बसतात. नारळाच्या झावळ्या वेगळ्या काढाव्यात. मे अखेरपर्यंत सदनिकांच्या संख्येप्रमाणे पोती वाटावीत, आणि ती सोसायटीने जमिनीला न टेकवता फळ्यांवर रचावीत.

सवलतीची पाहणीही ऑगस्टमध्ये करावी, उन्हाळ्यात नव्हे. निरीक्षकाने खड्ड्याचा फोटो काढून न थांबता फावड्याने ढीग फूटभर उकरावा, आतून वाफ येते का पाहावे, आणि पाल्याची किती पोती शिल्लक आहेत ती मोजून अहवालात लिहावीत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे