एव्हलिनबाई, तुमच्या तीस जोड्यांसाठी

आदरणीय एव्हलिन हूकरबाई,

तुम्ही १९९६ साली गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी ते सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण तुम्ही नेमकं काय केलंत हे इतरांनाही कळायला हवं. ‘समलैंगिकता हा आजार नाही’ असं आज पुष्कळ लोक म्हणतात. हे कशावरून ठरलं, असं कुणी उलट विचारलं की बरेच जण अडखळतात. त्या प्रश्नाच्या उत्तराचा पाया तुम्ही, एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईने, घातलात.

तुम्ही काम हाती घेतलंत तो काळ आठवला तरी तुमच्या धैर्याचं मोल कळतं. १९५२ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने मनोविकारांची पहिली सूची काढली, तीत समलैंगिकता व्यक्तिमत्त्वाच्या विकारांमध्ये होती. १९५३ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने समलिंगी असणं हे केंद्र सरकारच्या नोकरीतून काढून टाकण्याचं कारण ठरलं. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता. डॉक्टर, कायदा आणि शेजारीपाजारी या तिघांचं एकमत होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत होता, ‘त्यांनीच ठरवलंय, मग बरोबरच असणार.’

चूक होती ती माणसं निवडण्याच्या पद्धतीत. तोवर तज्ज्ञांनी ज्यांचा अभ्यास केला, ते समलिंगी पुरुष इस्पितळात, तुरुंगात किंवा उपचारांसाठी आलेले होते. आजारी माणसांतूनच निवड केली तर निष्कर्ष आजारपणाचाच निघणार. भिन्नलिंगी पुरुषांचा अभ्यासही फक्त तुरुंगात आणि मनोरुग्णालयात झाला असता, तर तेही सगळे विकृत ठरले असते. हे तुमच्या ध्यानात आणून दिलं ते सॅम फ्रॉम या तुमच्या विद्यार्थ्याने. आमच्यासारख्यांचा, जे उपचाराला कुणाकडे जात नाहीत त्यांचा अभ्यास करा, असा त्याने आग्रह धरला. शिक्षिकेने विद्यार्थ्याचं ऐकलं, याबद्दलही आम्ही ऋणी आहोत.

तुम्ही ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतलेत. उपचार चालू असलेल्यांना वगळलंत. वय, शिक्षण आणि बुद्ध्यांक पाहून एकास एक अशा ३० जोड्या लावल्यात, म्हणजे दिसणारा फरक शिक्षणाचा की लैंगिक कलाचा, हा घोळ उरणार नाही. विद्यापीठात येताना या माणसांना कुणी ओळखलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती, म्हणून तुम्ही त्यांना आपल्या घराच्या बागेतल्या अभ्यासिकेत भेटलात. प्रत्येकाला तीन चाचण्या दिल्यात: शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी, चित्र पाहून गोष्ट रचण्याची चाचणी, आणि कापलेल्या आकृत्या पार्श्वभूमीवर मांडून प्रसंग तयार करण्याची चाचणी.

आणि मग सगळ्यात महत्त्वाची पायरी. उत्तरांचा अर्थ तुम्ही स्वतः लावला नाहीत. या माणसांशी तुमचा स्नेह होता, त्यामुळे निष्कर्षावर कुणीही शंका घेतली असती. नावं आणि ओळखीच्या खुणा काढून तुम्ही ते कागद ब्रूनो क्लॉफर, मॉर्टिमर मेयर आणि एडविन श्नाइडमन या मुरलेल्या परीक्षकांकडे दिलेत. त्यांनी प्रत्येकाचं मानसिक समायोजन पाच पायऱ्यांच्या मापावर जोखलं. दोन्ही गटांतले सुमारे दोन तृतीयांश पुरुष सरासरी किंवा त्याहून चांगले ठरले. रोर्शाकच्या उत्तरांवरून जोडीतला समलिंगी कोण, हे ओळखायला सांगितलं तेव्हा परीक्षकांचा अंदाज नाणं उडवून लागेल तेवढाच बरोबर आला. हे १९५७ साली छापून आलं.

या अभ्यासाच्या मर्यादा लपवू नयेत असं आम्हाला वाटतं, कारण त्या लपवल्या की विरोधकाला आयतं हत्यार मिळतं. माणसं कमी होती, सगळे पुरुष होते, स्वखुशीने आलेले होते. रोर्शाकसारख्या चाचण्यांवर आज पूर्वीइतका भरवसा उरलेला नाही. पण दावा काय होता ते पाहावं. समलैंगिकता हाच विकार आहे, आणि तो याच चाचण्यांत तज्ज्ञाला दिसतो, असं तेव्हा मानलं जाई. असा सरसकट दावा मोडायला लाखभर माणसं लागत नाहीत. दावा करणाऱ्यांचीच मोजपट्टी लावून तो टिकला नाही, एवढं पुरेसं होतं.

पुढचा रस्ता लांब होता. १५ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेची नोंद आपल्या सूचीतून काढण्याचा निर्णय घेतला. काही सदस्यांनी विरोध केला म्हणून १९७४ मध्ये मतदान झालं, त्यात सुमारे ५८ टक्के मतांनी निर्णय टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या सूचीत हाच बदल मंजूर केला तो १७ मे १९९० रोजी, तुमच्या निबंधानंतर ३३ वर्षांनी.

मधल्या काळात लोकांना ‘सुधारण्यासाठी’ विजेचे झटके दिले गेले, उलट्या होण्याची औषधं दिली गेली. कल बदलला नाही. वाढलं ते नैराश्य आणि स्वतःबद्दलची घृणा. आणि खरं तर एखादी गोष्ट आजार असती, तरी आजाऱ्याला कुणी तुरुंगात टाकत नाही की घराबाहेर काढत नाही. हा साधा विचारही त्या काळी फार थोड्यांनी केला.

समुपदेशनाच्या खोलीत तुमचं काम आजही रोज उपयोगी पडतं. ‘याला नीट करा’ म्हणत पालक मुलाला घेऊन येतात. तेव्हा आधी मुलाशी एकट्याने बोलायचं, आणि तो जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय घरी सांगायचं नाही. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हाचा. झोप, भूक, शाळा-कॉलेजातला छळ यांविषयी विचारायचं. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात मारहाणीची शक्यता असेल तर ‘आजच सगळ्यांना सांगून टाक’ असा सल्ला चुकूनही द्यायचा नाही. राहायला जागा आणि शिक्षणाचा खर्च यांची सोय आधी बघायची.

पालकांनाही वेळ द्यावा लागतो. मुलाने जे स्वीकारायला कित्येक वर्षं घेतली, ते त्यांच्या कानावर एका संध्याकाळी पडतं. त्यांना आम्ही इतकंच सुचवतो की पहिलं वाक्य ‘सांगितलंस ते बरं केलंस’ असं असावं. ‘कुणी बिघडवलं तुला?’ हा प्रश्न गिळून टाकावा, आणि नातेवाइकांना कळवण्याचा हक्क मुलाचाच ठेवावा. सगळ्यात जास्त घात होतो तो इथे: काळजीपोटी कुणीतरी एका विश्वासातल्या माणसाला सांगतं आणि आठवड्यात घरभर होतं. ‘लग्न झालं की होईल ठीक’ हा सल्लाही प्रेमापोटीच येतो, पण त्यात आणखी एका माणसाचं आयुष्य ओढलं जातं.

समलिंगी माणसांत नैराश्य जास्त आढळतं, मग आजार नाही कसा, असं अजून विचारलं जातं. याचं उत्तर तुमच्याच वाटेने सापडतं: कुणाशी तुलना करता आणि कुठल्या परिस्थितीत, ते आधी सांगा. सतत लपावं लागणं, हिणवलं जाणं, कधी उघडं पडू याची धास्ती, या ताणाची मांडणी इलान मायर या संशोधकाने २००३ साली केली. धास्तीच्या ओझ्याखाली कुणीही वाकतं.

बाई, १९३७-३८ साली तुम्ही बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात राहिला होतात. त्या माणसांना पुढे छळछावणीत मारलं गेलं. एका संपूर्ण समूहाला हीन ठरवलं की पुढे काय होतं, ते तुम्ही जवळून जाणत होतात.

तुमच्याबरोबर त्या साठ जणांचेही आभार. त्यातल्या ३० जणांनी बागेच्या फाटकातून आत येताना आपली नोकरी आणि अब्रू तुमच्या भरवशावर सोडली होती, आणि त्यांची नावं तुम्ही शेवटपर्यंत उघड केली नाहीत.

कृतज्ञतापूर्वक,
समुपदेशनाचं काम करणारे आम्ही काही जण