तरवड उपटून कसली झाडं लावताय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. झाडं लावायला माझा विरोध नाहीये, पण आमच्या सोलापूरकडे माळावर आधी जेसीबी फिरवून तरवड, म्हणजे पिवळ्या फुलांचं आपलं रानझुडूप, साफ करतात आणि मग तिथेच गुलमोहर नाहीतर गिरिपुष्पाची रोपं लावतात, हे बघून डोकंच फिरतं. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, एवढा आकडा गाठायचा तर खड्डे कुठेतरी खणावेच लागणार आणि सगळ्यात सोपा सापडतो तो माळ, कारण कागदोपत्री तो पडीक. केंद्राच्या वेस्टलँड अॅटलसमध्येसुद्धा झुडपी जमीन पडीकातच धरलीये.

पडीक कसला? एकदा तरवडाजवळ पाच मिनिटं उभं राहून बघा. पिवळ्याधमक फुलात मध टिपूसभर नसतो, असतो तो फक्त पराग, तोही पुंकेसरांच्या टोकाला बारीक भोकं असलेल्या पिशवीत बंद. मग काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट धरतो आणि अंग असं थरथरवतो की पराग भुरभुर बाहेर पडतो, त्याचा घूं असा आवाज नीट ऐकू येतो. साध्या मधमाशीला हे जमत नाही. पानांवर पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात, पानाच्याच रंगाच्या, पटकन दिसायच्या नाहीत. गुरं तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कितीही चराई झाली तरी तो टिकतो, मुरमाड माती धरून ठेवतो आणि बुडाशी थोडं गवत वाचतं, तित्तर-सशांना आडोसा होतो. हे सगळं टँकरशिवाय हां!

पूर्वी कातडं कमवायला याचीच साल लागायची. तेलंगणाने तर तंगेडू म्हणून याला राज्यफूल केलंय, आणि सोलापुरातला तेलुगू समाज सणाला फुलं रचून बतुकम्मा मांडतो त्यातही हीच फुलं लागतात, म्हणजे शहरात पूजा करायची आणि गावाबाहेर मशीन लावून उपटायचं असा प्रकार चाललाय.

माझं म्हणणं एवढंच, खड्डे खणायच्या आधी माळावर काय काय उगवलंय त्याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि जिथे तरवड, बोर, हिवर आपोआप आलंय ती जागा सोडून द्या. झाडं लावायचीच तर शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, विहिरीजवळ लावा, तिथे पाणी घालायला माणूस तरी असतो. आणि उघड्याबोडक्या माळावर काही करायचंच असेल तर तरवडाच्या वाळलेल्या शेंगा गोळा करा, बी कडक असतं म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि पहिल्या पावसात टाकून द्या, याला ना टेंडर लागतं ना ट्री गार्ड.

– एक वाचक, जि. सोलापूर