सर्कशीला कलेचा दर्जा मिळावा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सर्कस हा रंगमंचीय कलाप्रकार म्हणून शासनाच्या योजनांत समाविष्ट व्हावा, याबाबत.

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. 35 वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. गेल्या महिन्यातील एका रविवारी दुपारी नवी मुंबईतील एका लहान नाट्यगृहात मी एका हौशी संस्थेचे संगीत नाटक पाहिले. नाटक फिरत्या सर्कशीवरचे आहे. पूर्वी कधीतरी त्याचे मोजके प्रयोग झाले होते आणि नंतर संहिता एका जुन्या नटाच्या घरी ट्रंकेत पडून राहिली होती. ती मिळवून, हरवलेल्या चाली नव्याने बांधून, दिवसभर बँकेत, शाळेत आणि दुकानात नोकरी करणाऱ्या मंडळींनी सात महिने रात्री तालमी करून हे नाटक पुन्हा उभे केले. तिकीट 200 रुपये होते. नाट्यगृह निम्म्याहून थोडे अधिक भरले होते. वाशीहून ठाण्याकडे येणाऱ्या लोकलमध्ये बसले तेव्हाच आपल्याला पत्र लिहायचे, हे मी ठरवले होते.

त्या प्रयोगाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझी मागणी त्यातूनच निघाली आहे. तिसऱ्या घंटेनंतर ऑर्गनवर नांदी सुरू झाली आणि दुसऱ्या चरणात तिच्याखालून क्लॅरिनेट आणि साइड ड्रम हलकेच वर येऊ लागले. सर्कशीचा बँड आणि नाट्यसंगीत एका पट्टीत इतके सहज मिसळलेले मी पूर्वी ऐकले नव्हते. सर्कशीचा मालक घोड्यांवर जीव टाकणारा आणि गाण्याची तालीम घेतलेला आहे. आपल्या गुरूचा मनाने हरवलेला मुलगा त्याला परमुलखात भणंग अवस्थेत सापडतो, आणि तो त्याला तंबूत घेऊन येतो. मग हत्ती-घोड्यांच्या त्या संसारात हे खाँसाहेब राहू लागतात. दुसऱ्या अंकात खेळ आटोपल्यावर रिकाम्या तंबूत ते एकटेच गायला बसतात. त्याच वेळी मागे दोरीच्या मल्लखांबावर सराव करणारी मुलगी आलाप कानी पडताच आहे त्या आसनात थांबते. गाणे चालू असेपर्यंत ती हलत नाही. पायाच्या अंगठ्यात आणि मांडीत धरलेल्या दोरीवर तिचा सगळा भार होता, आणि तिच्या पोटऱ्यांचा कंप मला सहाव्या रांगेतून दिसत होता. समेवर ती सरसर खाली उतरली तेव्हा प्रेक्षकांना टाळी वाजवायची आठवण उशिरा झाली. गायकाचा दमसास आणि त्या मुलीचा दमसास ही एकच विद्या आहे, हे मला आयुष्यात प्रथम डोळ्यांनी दिसले.

नाटकात नावे बदललेली आहेत, परंतु माणसे खरी आहेत. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी ग्वाल्हेरला अश्वविद्या आणि हद्दू खाँसाहेबांकडे गायन, अशा दोन्ही विद्या संपादन केल्या. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ भ्रमिष्टासारखे भटकत असताना विष्णुपंतांनी त्यांना बनारसहून आणले, स्वतःपाशी ठेवले, आयुष्यभर सांभाळले आणि आपल्या सर्कशीबरोबर गावोगावी त्यांचे गाणे लोकांना ऐकवले. विष्णुपंतांनंतर छत्रे कुटुंबाने तो सांभाळ पुढे चालू ठेवला, आणि 1922 मध्ये खाँसाहेबांचा अंत कुरुंदवाडला झाला. त्यांच्या थोड्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात, आणि त्या ऐकताना हा गवई एका सर्कसवाल्याने जपला होता हे क्वचितच कोणाच्या मनात येते.

एका इटालियन सर्कशीचा खेळ पाहून विष्णुपंतांनी एतद्देशीय सर्कस काढण्याचा निश्चय केला, असे सांगतात. त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ मुंबईत 20 मार्च 1880 रोजी झाला. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले अंक रंगमंचावर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. भारतीय सर्कस आणि किर्लोस्करी संगीत नाटक ही एकाच वर्षी, जेमतेम सात महिन्यांच्या अंतराने, मराठी माणसांच्या हातून जन्मलेली भावंडे आहेत. त्यांतील एकाला आपण रंगभूमीचे वैभव मानले, त्याच्यासाठी राज्य नाट्य स्पर्धेत स्वतंत्र विभाग ठेवला, आणि ते योग्यच झाले. दुसऱ्याला आपण मैदानात सोडून दिले. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ज्या सांगलीत पहिले मराठी नाटक केले, त्याच मुलखातील छत्रे, आणि त्याच मुलखातून पुढे कितीतरी सर्कशी निघाल्या. पुण्याचे दामू धोत्रे तर हिंस्र श्वापदांचे शिक्षक म्हणून अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचले.

आता ज्या गृहस्थांमुळे मी हे पत्र लिहीत आहे त्यांच्याविषयी सांगते. नाटकातील मुलामुलींना झुल्यावर उभे राहण्याची ढब, हात सोडण्याची वेळ आणि पडायचे कसे, हे सर्व शिकवणारे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ प्रयोगानंतर विंगेत एका लोखंडी खुर्चीवर बसले होते. ते कळव्यात राहतात. तरुणपणी ते झुल्यावर ‘कॅचर’ होते, म्हणजे गुडघ्यांत दांडी धरून उलटे लोंबकळायचे आणि समोरून हवेतून येणाऱ्या माणसाचे मनगट पकडायचे. त्यांचा उजवा खांदा आता पूर्ण वर जात नाही. ज्येष्ठ कलावंतांसाठी शासनाचे मानधन असते, आपण त्यासाठी अर्ज केला आहे का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी फार मोकळेपणाने, मनात कसलीही कटुता न ठेवता उत्तर दिले, “बाई, मी कुठला कलावंत? मी झुल्यावरचा माणूस.”

महोदय, त्यांचे हे वाक्य मला त्या दिवसापासून सोडत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर रोज दोन-तीन खेळांत हजारो लोकांचा श्वास रोखून धरला, त्याला स्वतःला कलावंत म्हणवत नाही, कारण तसे त्याला कधी कोणी म्हटलेच नाही. त्यांनी शिकवलेल्या मुलीला त्याच दोरीवर स्पर्धेत पदक मिळाले तर ती खेळाडू ठरते आणि मल्लखांबपटू म्हणून तिचा सत्कार होतो, तो व्हायलाच हवा. तीच मुलगी तीच दोरी घेऊन तंबूत गेली की ती खेळाडूही राहत नाही आणि कलावंतही होत नाही.

सर्कस म्हणजे जनावरांचे हाल, अशी जी समजूत आहे ती एके काळी निराधार नव्हती. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ बंद करणारी केंद्राची अधिसूचना ऑक्टोबर 1998 मध्ये निघाली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ती कायम केली. लहान मुलांना सर्कशीत राबवण्यास त्याच न्यायालयाने 2011 मध्ये मनाई केली. हे दोन्ही निर्णय मला मनापासून योग्य वाटतात आणि ते शिथिल व्हावेत असे मी कधीही म्हणणार नाही. त्यांचा एक परिणाम मात्र आपण लक्षात घेतलेला नाही. ही जनावरे आणि मुले बाहेर गेली तेव्हा रिंगणात मुख्यतः प्रौढ माणसाचे शरीर, त्याची तालीम आणि त्याची कल्पकता हेच उरले. नृत्यात याहून वेगळे काय असते? वस्तू व सेवा कराच्या नियमांतदेखील 500 रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्याला करमाफी देताना सर्कस, नृत्य आणि नाटक यांची नावे एकाच नोंदीत शेजारी शेजारी लिहिलेली आहेत. कर आकारणाऱ्यांना जे नाते दिसले ते संस्कृती जपणाऱ्या खात्याला दिसू नये, याचे मला दुःख वाटते.

फ्रान्समध्ये सर्कस पूर्वी कृषी मंत्रालयाकडे होती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ती संस्कृती मंत्रालयाकडे आली, 1985 मध्ये शालोन शहरात राष्ट्रीय सर्कस विद्यालय सुरू झाले, आणि तिथून रंगमंचावर खेळली जाणारी एक नवीनच सर्कस जन्माला आली. आपल्याकडे केरळने 2010 मध्ये तलश्शेरी येथे सर्कस अकादमी काढली, ती काही वर्षांत बंद पडली. त्या अपयशातून मी एवढेच शिकते की सर्कशीला एकटे पाडून केवळ प्रशिक्षण संस्था उभारण्यात अर्थ नाही, तिला नाटकाच्या आणि संगीताच्या घरात जागा द्यावी लागेल. त्या दुपारी मी जे पाहिले ते नेमके हेच होते.

ती जागा देणे मात्र आजच्या घडीला किती अवघड आहे, तेही सांगायला हवे. त्या नाट्यगृहात रंगमंचावर दिव्यांचे बार आहेत, पण माणसाचा भार पेलेल असा एकही तपासलेला आकडा छताला नाही. व्यवस्थापनाने दोरी छताला बांधू दिली नाही, आणि त्यांचे बरोबरच होते, कारण छत किती वजन घेईल याचा कागद कोणाकडेच नव्हता. शेवटी संस्थेने उसनवारी करून लोखंडी सांगाडा आणला. तो डाव्या विंगेला खेटून उभा करावा लागल्यामुळे त्या बाजूच्या प्रेक्षकांना दुसऱ्या अंकातील तो प्रसंग अर्धाच दिसला. गाद्या एका मल्लखांब वर्गातून टेम्पोने आल्या आणि प्रयोग संपताच परत गेल्या. विमा कोणाचाच नव्हता. त्या मुलीची आई सबंध प्रयोगभर विंगेत उभी होती.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, आपल्या विभागाच्या योजनांमध्ये जिथे जिथे कलाप्रकारांची नावे लिहिली जातात तिथे ‘सर्कस’ हा शब्द स्पष्टपणे लिहावा, आणि राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेची माहिती देताना सर्कशीतील ज्येष्ठांना नाव घेऊन बोलवावे. दरमहा 5,000 रुपये ही कळव्यातील त्या गृहस्थांसाठी मोठी रक्कम आहे, परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की अर्ज भरताना त्यांना स्वतःच्या नावापुढे ‘कलावंत’ असे लिहावे लागेल. दुसरे असे की, नाट्यगृहे बहुतांशी महानगरपालिकांची असल्याने नगरविकास विभागाशी बोलून, यापुढे जे नाट्यगृह नवे बांधले जाईल किंवा ज्याचे नूतनीकरण होईल तिथे रंगमंचाच्या मध्यावर, अभियंत्याने भार तपासून प्रमाणित केलेले टांगण्याचे दोन-चार बिंदू ठेवणे बंधनकारक करावे. काम चालू असताना हा खर्च सहज सामावतो, नंतर छत फोडून तो करायला कोणी धजत नाही. अशा प्रयोगांतील कलावंतांच्या अपघात विम्याची सोयही त्याच वेळी व्हावी.

2020 च्या टाळेबंदीत एक सर्कस ऐरोलीत अडकून पडली होती, हे नवी मुंबईकरांना आठवत असेल. आसपासच्या लोकांनी त्या माणसांना धान्य पोहोचवले. ते त्यांनी दयेपोटी केले आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु त्या तंबूत कलावंत राहत होते, हे शासनाच्या एखाद्या कागदावर आधीच लिहिलेले असते तर त्यांना केवळ दयेवर विसंबावे लागले नसते.

नाटकाचा पुढचा प्रयोग ठाण्यात व्हावा यासाठी संस्था तारीख मिळवण्याच्या प्रयत्नात आहे, आणि त्यानंतर एक प्रयोग सांगलीत करण्याची सर्वांची इच्छा आहे. तारीख निश्चित होताच निमंत्रण आपल्या कार्यालयात मी स्वतः आणून देईन. सहाव्या रांगेतून दोरी नीट दिसते. तिथे कळव्याच्या त्या गृहस्थांच्या शेजारची खुर्ची आपल्यासाठी राखून ठेवायला मी संस्थेला सांगितले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे