टिंबांभोवतीची पेन्सिल: व्हायोलिनवाल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला हे पत्र आवडणार नाही, तरी जाहीरच लिहितो आहोत. ‘गॅदरिंग पीसकॉड्स’ हा वाटाण्याच्या शेंगांचा नाच आता चालीवर चपखल बसतो, आणि तो बसला तुमच्यामुळे.

जॉन प्लेफर्डने 1651 मध्ये लंडनला ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हे नाचांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातल्या 105 नाचांपैकी हा एक: गोल उभे राहायचं, जोड्या कितीही. वर चाल, खाली जेमतेम काही ओळींची कृती. त्या ओळींत मधेमधे टिंबांच्या खुणा आहेत. एक टिंब म्हणजे चालीचा तो तुकडा पहिल्यांदा वाजतो आहे, दोन टिंबं म्हणजे दुसऱ्यांदा. कुठली हालचाल कुठल्या सुरांवर, हे सांगणारी पुस्तकातली एवढीच सोय.

तुमच्याआधी ज्यांनी आम्हाला टाइप केलेली प्रत दिली, त्यांनी या खुणा छपाईचे डाग समजून गाळल्या होत्या. पहिला तुकडा सहाच बारांचा (बार म्हणजे चालीतला ठरावीक मात्रांचा एक गट) निघाला, तेव्हा ‘जुन्या लोकांची चूक’ म्हणून त्याला दोन बार जोडून आठ केले. पुरुषांसाठी चंद्रकोर आणि बायकांसाठी मधे टिंब असलेलं वर्तुळ, तेही उलटं लावलं. शंका विचारली तर उत्तर मिळालं, ‘मूळ मजकूरच सदोष आहे.’ ते वाक्य अजून टोचतं, कारण मजकूर सदोष नव्हताच.

तुम्ही वाद घातला नाहीत. मूळ पानाची प्रत शेजारी ठेवलीत, आमच्या त्याच चुकीच्या कागदावर प्रत्येक टिंब परत भरलंत आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलने बारीक गोल काढलात. म्हणालात, “‘मंद’वरचं टिंब पुसलं की ‘मद’ उरतो. इथेही तसंच आहे.” मग सहा बार वाजवून थांबलात. ताई, बाकी सगळं पुढे झालं; आभार त्या पेन्सिलच्या गोलांचे आहेत.

कारण टिंबं परत आली आणि हिशेब जुळला. ‘डी.’ म्हणजे डबल: चार पावलं, शेवटी पाय जुळवून. एका बारात दोन पावलं, म्हणजे डबलला दोन बार. कृती म्हणते, सगळ्यांनी गोलात दोन डबल जा आणि ‘टर्न एस.’ करा. दोन डबलचे चार बार, गिरकीचे दोन, झाले सहा. चाल पहिल्यापासून बरोबरच होती. ‘एस.’वर सगळेच फसतात. एरवी एस. म्हणजे सिंगल, दोन पावलं आणि पाय जुळवणं. पण ‘टर्न एस.’मध्ये ते पाऊल नव्हे, जोडीदाराला न धरता चार पावलांत आपापल्या जागी स्वतःभोवती फिरणं आहे. गिरकीनंतर आणखी एक सिंगल घुसवला की पुढचा तुकडा दोन पावलं उशिरा पकडला जातो आणि ती उधारी शेवटपर्यंत फिटत नाही.

दुसरा तुकडाही सहा बारांचा. त्यात पुरुष आतल्या बाजूला हात धरून एक फेरी मारतात आणि जागेवर येतात; दुसऱ्यांदा तेच बायका करतात. पावलं बारा. एक पाऊल दोन फुटांचं धरलं तर 24 फूट. सहा जणांचं आतलं कडं तेवढ्यात पुरं होतं, आठ जणांचं होत नाही, शेवटी धावावं लागतं. ‘जोड्या कितीही’ असं छापलं असलं तरी सहावर थांबा, हा तुमचाच सल्ला.

तिसरा तुकडा आठ बारांचा आणि सगळ्यांत सुंदर. पुरुष आत जाऊन टाळी देतात. ते मागे सरताना बायका आत येऊन टाळी देतात. पुरुष पुन्हा आत, मग गिरकी. दोन-दोन बारांचे चार भाग. ही गिरकी मात्र बाहेर सरकत घ्यायची. जागच्या जागी घेतली तर पुरुष मधेच अडकतात आणि लगेच आत निघणाऱ्या बायका त्यांच्यावर आदळतात. टाळी चौथ्या पावलावर दिली तर वजन पुढेच राहतं. तिसऱ्यावर दिली तर चौथं पाऊल मागे वळायला मोकळं मिळतं. कितव्या पावलावर, हे छापलेलं नाही. म्हणून तिथे तुम्ही ‘अं.’ लिहिलंत, अंदाजाचा अं.

असे ‘अं.’ कागदावर चार आहेत. गोल आधी डावीकडे फिरवायचा, तो एक. गिरकी उजव्या खांद्यावरून, तो दुसरा. टाळीचा तिसरा, आणि चौथा ‘साइड्स’पाशी. हे तिन्ही तुकडे मिळून नाचाची एक फेरी, अशा फेऱ्या तीन; दुसरीच्या सुरुवातीला पुस्तकात ‘साइड्स ऑल’ एवढंच आहे. इंग्रजी लोकनृत्यांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी 1911 च्या पुस्तकात जोडीदारांना एकमेकांना ओलांडून जायला आणि परत यायला लावलं. पुढे याच नाचांचे अभ्यासक पॅट शॉ यांनी खांद्याला खांदा येईपर्यंत पुढे जाऊन तसंच मागे यायचा अर्थ मांडला. चार बारांत दोन्ही मावतात. तुम्ही दुसरा निवडलात, पण पहिला खोडला नाहीत. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहून ठेवणारी माणसं किती थोडी भेटतात! आणि तसं करताना समोरच्याला कमीपणा वाटू न देणारी तर त्याहून थोडी.

तिसऱ्या फेरीत कोपराला कोपर अडकवून फिरणं, बाकी पहिल्यासारखंच. प्रत्येक तुकडा दोनदा वाजतो, म्हणून एका फेरीचे 40 बार, तिन्हींचे 120. आता एकही बार जोडावा लागत नाही.

तुमचा कागद जपून ठेवला आहे. झेरॉक्समध्ये पेन्सिल पुसट येते आणि टिंबं परत डागांसारखी दिसू लागतात, म्हणून वाजवणाऱ्यांपुढे मूळ कागदच ठेवतो.

तुमचे ऋणी,
गोलातले सगळे